नानांचा हरलेला वकील

धुळ्याच्या कोर्टात दुभाषे म्हणून तीस वर्षं काढलेल्या माणसानं पेन्शनीत निघाल्यावर काय करावं, याबद्दल गल्लीतल्या लोकांच्या काही कल्पना होत्या. सकाळी पांझरेच्या काठानं फिरून यावं, दुपारी झोपावं, संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर बसून नव्या सरकारला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात. नानांनी यातलं काहीही केलं नाही. ते अमेरिकेच्या राजकारणात पडले.

मी तेव्हा त्यांच्याच गल्लीतल्या छापखान्यात प्रूफं तपासायला आणि अडलं तर अक्षरांचे खिळे जुळवायला होतो. स्वातंत्र्य मिळून पाचेक वर्षं झाली असतील. मी मूळचा चोपड्याकडचा, म्हणून नाना मला चोपडेकर म्हणत. माझं खरं नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

दुभाष्याचं काम लोकांना वाटतं तितकं सोपं नसतं. साक्षीदार अहिराणीत बोलणार, भिल्ली बोलणार, कधी दोन्हींची खिचडी करणार, आणि दुभाष्यानं ते जसंच्या तसं साहेबाच्या कानावर घालायचं. आपलं एक अक्षर मिसळायचं नाही. साक्षीदार ‘मी’ म्हणाला तर दुभाष्यानंही ‘मी’च म्हणायचं. त्यामुळे नानांनी भर कोर्टात असंख्य चोऱ्या, मारामाऱ्या आणि दोन-तीन गावांच्या खळ्यांना लावलेल्या आगी कबूल केल्या होत्या. “इतके खून मी कबूल केलेत चोपडेकर,” ते एकदा गंभीरपणे म्हणाले, “की एखादा आपल्या हातून झालाही असेल असं वाटतं.”

साक्रीकडच्या एका म्हाताऱ्याची गोष्ट ते नेहमी सांगत. उलटतपासणीला कंटाळून तो अहिराणीत गोऱ्या जज्जसाहेबाच्या थेट आईपर्यंत गेला. कोर्टातले सगळे वकील टेबलावरचे कागद चाळायला लागले. नाना उभे राहिले आणि त्यांनी ती शिवी शुद्ध इंग्रजीत, पहिल्या पुरुषात, साहेबाच्या डोळ्याला डोळा देऊन सांगितली. साहेबानं विचारलं, हे मला उद्देशून आहे काय? नानांनी म्हाताऱ्याला विचारलं. म्हातारा हो म्हणाला. नानांनी ‘होय’ असं भाषांतर केलं. म्हाताऱ्याला दंड झाला, पण त्या दिवसापासून साहेबाचा नानांवर जो विश्वास बसला तो कायमचा.

ही सवय घरीही सुटली नव्हती. त्यांच्या बायकोला गल्लीत सगळे अक्का म्हणत. त्या शिरपूरकडच्या, अहिराणीशिवाय दुसरं बोलत नसत. मला अहिराणी आईच्या दुधाइतकी येते, हे नानांना पक्कं ठाऊक होतं. तरी अक्का काही बोलल्या की नाना माझ्याकडे वळून सांगत, “मी सकाळपासून दळत बसले होते, माझी पाठ भरून आली आहे, म्हणून आज मी चहा करणार नाही.” सहा फूट उंचीचा, मिशीवाला माणूस हे बोलताना जरासुद्धा हसत नसे.

जज्जसाहेब विलायतेला परत गेला तेव्हा पुस्तकांची एक पेटी मागे राहिली. त्यातलं एक जाडजूड पुस्तक कोर्टाच्या पट्टेवाल्यानं नानांना आणून दिलं. अमेरिकेत सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेलेले दोन पुढारी, आणि त्यांचं जन्मभराचं भांडण, असा त्याचा विषय. पहिली चाळीस पानं वाळवीनं खाल्लेली. त्यामुळे त्या दोघांचे जन्म, आईबाप, शाळा वगैरे काही झालंच नव्हतं. ते पुस्तकात आले ते एकदम भांडतच आले.

नानांनी ते मराठीत आणायचं ठरवलं. त्या दोघांची नावं आमच्या छापखान्यातल्या खिळ्यांत काही केल्या बसेनात. ‘ॲ’, ‘ऑ’वरच्या चंद्रकोरीचे खिळे लग्नपत्रिकांतल्या डॉक्टरांवरच संपलेले असत. शेवटी नानांनी तोडगा काढला. एक लढाया जिंकून राजकारणात आलेला, त्याचा ‘सेनापती’ केला. दुसरा वक्तृत्वासाठी आणि दोन पक्षांत तडजोड घडवण्यासाठी नावाजलेला, त्याचा ‘वकील’ केला. भाषांतराची भाषा अर्थात कोर्टाची. ‘सदर सेनापती हा वर नमूद केलेल्या वकिलाविषयी पूर्वीपासून आकस धरून असून’ अशी वाक्यं आम्ही जुळवत असू. आमचा एक कंपोझिटर मला म्हणाला होता की हे छापताना आपल्यावरच खटला चालू आहे असं वाटतं.

तीस वर्षं नानांनी कुणाची बाजू घेतली नव्हती. ते सगळं तुंबलेलं पाणी आता एका बाजूनं वाहू लागलं. नाना वकिलाचे झाले. वकील किती समजूतदार, दोन्हीकडच्या लोकांना एका टेबलाशी कसा बसवतो, आणि सेनापती कसा तापट, हे ते मला प्रूफं परत देताना दारातच सांगायला लागत, आणि मी पुढची गॅली, म्हणजे प्रूफाची लांब पट्टी, आणायला उशीर करत असे तो त्यामुळेच.

रोज दुपारचा चहा झाला की नाना त्या दिवशी लिहिलेली पानं ओट्यावर बसून अक्कांना वाचून दाखवत. अक्का शेंगा फोडत ऐकत. लिहिता-वाचता त्यांना येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं त्या विसरत नसत. पहिले काही महिने त्या गप्प होत्या. मग सेनापतीच्या बायकोचं प्रकरण आलं.

झालं होतं असं, की सेनापतीशी लग्न करताना त्या बाईची आधीच्या नवऱ्यापासूनची फारकत कागदोपत्री पुरी झालेली नव्हती. पुढे निवडणूक आली तेव्हा विरोधकांच्या वर्तमानपत्रांनी ते उकरून काढलं आणि तिची देशभर बेअब्रू केली. सेनापती निवडून आला, पण गादीवर बसायच्या आधीच ती बाई गेली. सेनापतीनं विरोधकांना जन्मात क्षमा केली नाही. तिची तसबीर तो उशाशी ठेवत असे.

अक्कांचे हात थांबले. त्यांनी नानांना तो भाग पुन्हा वाचायला लावला. मग एवढंच म्हणाल्या, “मना सेनापती.” म्हणजे सेनापती माझा.

त्या दिवसापासून त्या घरात दोन पक्ष झाले. नाना वाचताना वकिलाच्या भाषणाला आवाज चढवत आणि सेनापतीचं भाषण सातबारा वाचावा तसं वाचत. अक्का मधेच थांबवून सेनापतीचं भाषण नीट वाचायला लावत. वकील जिच्या पाठीशी होता ती मोठी पेढी सेनापतीनं बुडवायचा चंग बांधला तेव्हा नाना तीन दिवस संतापलेले होते. अक्कांनी त्या तिन्ही दिवशी वरणाला लसणीची फोडणी दिली. नानांना लसूण चालत नसे.

छापखान्यातही एकदा या भांडणाचे शिंतोडे उडाले. आधीच्या एका निवडणुकीत चारजण उभे होते, कुणालाच पुरेशी मतं नव्हती, तेव्हा वकिलानं आपलं वजन तिसऱ्याच माणसाच्या पारड्यात टाकलं. तो निवडून आला आणि त्यानं वकिलाला मंत्री केलं. सेनापतीनं ‘सौदा, सौदा’ म्हणून देश डोक्यावर घेतला. ही गॅली आमच्याकडे वाळत टांगलेली होती. नगरपालिकेचे एक सभासद आपली पत्रकं न्यायला आले होते, त्यांनी ती वाचली. हे गृहस्थ स्वतः वकील. महिन्यापूर्वीच अध्यक्षाच्या निवडीत त्यांनी अखेरच्या क्षणी बाजू बदलली होती आणि दिवाबत्तीच्या कमिटीचं अध्यक्षपद मिळवलं होतं. त्यांचा चेहरा बघून मालक आत निघून गेले.

ते तडक नानांच्या ओट्यावर गेले, मागोमाग मी. अब्रूनुकसानीची फिर्याद करीन, असं त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. नानांनी त्यांना बसवलं आणि पाऊण तास पुस्तकातल्या वकिलाची बाजू मांडली. तो तिसरा उमेदवार वकिलाच्या विचारांना सर्वांत जवळचा होता, मंत्रिपद नाकारलं असतं तर राज्याचंच नुकसान होतं, आणि जो माणूस आपल्या बुद्धीला स्मरून मत देतो त्याला जग नेहमीच सौदेबाज म्हणतं. सभासदांचे डोळे हळूहळू पाणावले. आपल्याला आजवर कुणीच असं समजून घेतलं नाही, असं ते म्हणाले, आणि एवढंच पान वेगळं छापून शहरात वाटता येईल का, म्हणून त्यांनी माझ्याकडे चौकशी केली.

आतून अक्कांचा आवाज आला. “दोन्ही वकील लबाड शेतस.”

नानांनी सभासदांकडे वळून सवयीनं भाषांतर करायला तोंड उघडलं, आणि मी त्यांना पहिल्यांदाच वाक्य गिळताना पाहिलं.

पुढे एक प्रकरण असं आलं की नानांना वाटलं, खटला आपण जिंकला. सेनापतीनं कायदा करून जंगलात राहणाऱ्या मूळच्या लोकांना त्यांच्या जमिनींवरून उठवलं. पुढे पोरंबाळं, म्हातारे, सगळे हजार कोस चालत गेले, वाटेत मेले. वकिलानं त्या कायद्याविरुद्ध भाषण केलं होतं. नाना ते वाचताना हळूहळू वाचत होते. कोर्टात त्यांनी सातपुड्यातल्या लोकांच्या तोंडून अशा हकिकती ‘मी’ म्हणून पुष्कळदा सांगितल्या होत्या. वाचून झालं. अक्का दोन दिवस त्या पुस्तकाविषयी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “हाई त्यानी वाईट करं. पन बायकोसाठे जे करं ते बरोबर करं.” कोर्टातल्या कुठल्याही साहेबानं यापेक्षा स्वच्छ निकाल दिला नसेल, हे नानांनीच मला दुसऱ्या दिवशी कबूल केलं.

आणि मग ती निवडणूक आली, ज्यात सेनापती आणि वकील समोरासमोर उभे होते. नानांचं लिखाण थांबलं. एक आठवडा, दोन आठवडे, महिना. जुळवलेला मजकूर तसाच बांधून ठेवलेला, त्यात छापखान्याचे निम्मे खिळे अडकलेले. लग्नसराई तोंडावर आलेली. मालक मला रोज नानांकडे पाठवत. नाना म्हणत, डोळे दुखतात. कधी म्हणत, एक शब्द अडलाय.

शेवटी मजकूर आला. मी वाचला, पुन्हा वाचला. निवडणुकीच्या निकालाचं एक वाक्य होतं, अकरा ओळींचं. ‘सबब’, ‘उभयपक्षी’, ‘तथापि’, ‘उपरिनिर्दिष्ट’ सगळे हजर होते. खोटं त्यात काहीही नव्हतं. फक्त कोण निवडून आलं ते कळत नव्हतं. मी नानांना विचारलं. ते म्हणाले, “त्यातच आहे. नीट वाचा.”

त्या दिवशी वाचनाच्या वेळी मी ओट्यावरच होतो. नानांनी ते वाक्य एका दमात म्हटलं आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळले. अक्कांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

“जिकनं कोन?”

नानांनी वाक्य पुन्हा वाचलं.

“माले समजनं नही. जिकनं कोन ते सांगा.”

अक्का बोलू लागल्या. आवाज चढवला नाही, नानांकडे पाहिलंही नाही. मला सांगितल्यासारखं सांगत होत्या.

जळगावला मेहरूणमध्ये नानांचे थोरले भाऊ राहत, आबा. अठरा वर्षांपूर्वी आबांच्या मुलीच्या लग्नात नवरीची पाटली हरवली. आबांची बायको चारचौघांत म्हणाली की खोलीतून शेवटी अक्का बाहेर आल्या. तिथे नाना होते. नानांनी काय करावं? ते दोघींच्या मधे उभे राहिले. वहिनीचं म्हणणं अक्कांना सांगितलं, “माझ्या पोरीची पाटली गेली आणि खोलीत शेवटी तू होतीस.” अक्कांचं म्हणणं वहिनीला सांगितलं, “मी ती घेतली नाही.” दोन्हीकडचं अगदी बरोबर, एक अक्षर कमीजास्त नाही. मग दोघीही आपल्या आपल्या जागी बरोबर असतील, शोध घेऊ, असं म्हणून तडजोड केली आणि दुपारच्या गाडीनं बायकोला घेऊन धुळ्याला आले. स्वतःचं म्हणून एक वाक्य बोलले नाहीत. त्यानंतर अक्कांनी त्या घरी पाय ठेवला नव्हता, आणि नानांचंही जाणं थांबलं होतं.

“तो सेनापती वाईट माणूस शे,” अक्का म्हणाल्या, “पन बायकोन्या बाजूले उभा व्हता.” आणि सूप उचलून आत गेल्या.

नानांनी या खेपेला माझ्याकडे वळून भाषांतर केलं नाही. हातातले कागद त्यांनी सारखे करून बाजूला ठेवले. मी उठलो तेव्हा म्हणाले, “चोपडेकर, तुम्ही कागद घ्यायला जळगावला कधी जाता?”

मी म्हटलं, परवा.

ठरल्या दिवशी सकाळच्या एसटीत आम्ही तिघं होतो. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, नाना ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होते. अक्का खिडकीतून कपाशीची शेतं बघत होत्या. आपण कशाला चाललो आहोत हे नानांनी त्यांना सांगितलेलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलेलंही नव्हतं. मेहरूणच्या तलावावरून वारा येत होता. आबांच्या घरापाशी आलो तेव्हा नाना दोनदा पुढे गेले आणि दोनदा चप्पल नीट करायला थांबले.

आबा झोपाळ्यावर बसले होते. त्यांची बायको वारून बरीच वर्षं झाली होती. सुनेनं पाणी आणलं. नानांनी घेतलं, मी घेतलं, अक्कांनी हात जोडून नको म्हटलं. नाना कोर्टात उभे राहत तसे उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, “आबा, त्या लग्नात माझ्या बायकोनं पाटली घेतलेली नव्हती. मी तेव्हा तसं बोललो नाही, ही माझी चूक झाली.”

आबा हसून मान हलवत राहिले. त्यांना कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

सून हुशार होती. ती सासऱ्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, “काका विचारताहेत, तब्येत कशी आहे?” आबा म्हणाले, बरी आहे, गुडघे धरतात.

नाना लाल झाले. तीस वर्षांत दुभाष्याची इतकी बेईमानी त्यांनी पाहिली नसावी. “मी असं म्हटलेलं नाही,” ते सुनेला म्हणाले. “मी म्हटलं ते जसंच्या तसं सांग.” सुनेनं पुन्हा प्रयत्न केला. या वेळी आबांच्या कानात गेलं ते असं, की काका जुन्या लग्नाची आठवण काढताहेत. आबा म्हणाले, हो, जिलबी चांगली झाली होती.

तेव्हा नानांनी सुनेला बाजूला केलं, झोपाळा एका हातानं थांबवला, आबांच्या कानाला तोंड लावलं आणि ते ओरडले. तीस वर्षं हळू आवाजात बोललेला माणूस एवढा ओरडू शकतो, हे त्यांनाही माहीत नसेल. समोरच्या घरातली माणसं दारात आली. एक गाडीवाला बैल थांबवून उभा राहिला. “माझ्या बायकोनं पाटली घेतली नव्हती. मी गप्प बसलो. माझं चुकलं.” श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज फाटला.

आबांचा चेहरा बदलला. ते अक्कांकडे वळले.

“ती तर चौथ्याच दिवशी सापडली,” ते म्हणाले. “गादीच्या खोळीत होती.”

“मग कळवलं का नाहीस?” नानांनी कानाशी विचारलं.

“तू तिथं काही म्हणालाच नाहीस. मला वाटलं, तुला त्याचं काही नाही.”

नाना झोपाळ्याची कडी धरून उभे होते. आबांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. मग ते उठले, गुडघ्यांवर हात देत अक्कांच्या समोर आले आणि भावजयीपुढे हात जोडून उभे राहिले. अक्कांनी पदर पुढे ओढून त्यांना खाली बसायची खूण केली. मग सुनेला म्हणाल्या, “चहा ठेव वं माय. आते मी पिसू.”

दुसऱ्या दिवशी धुळ्यात मजकूर दुरुस्त होऊन आला. अकरा ओळी खोडलेल्या. त्यांच्या जागी दोन वाक्यं होती. ‘सेनापती निवडून आला. वकील हरला.’ ती जुळवायला मला पाच मिनिटं लागली असतील. खिळे मोकळे झाले, लग्नपत्रिका निघाल्या.

पुस्तक पुढे वर्षभरानं बाहेर पडलं. ‘अमेरिका देशातील दोन राजकारणी पुरुषांच्या दीर्घ वादाची हकीकत, पहिली चाळीस पाने वगळून’ असं नाव नानांनी दिलं होतं आणि ते कुणाचंही न ऐकता तसंच ठेवलं. फारसं खपलं नाही. दिवाबत्तीच्या सभासदांनी एक गठ्ठा नेला आणि त्यातलं ते एक पान दुमडून ओळखीच्या लोकांना वाटलं. शेवटच्या प्रकरणात वकील पुन्हा उभा राहून पुन्हा हरतो, आणि त्याचा मुलगा लढाईत मरतो. ते ऐकून अक्का वकिलासाठी रडल्या. नानांना हे आवडलं नाही. आता त्याची बाजू घेऊन उपयोग नाही, असं ते म्हणाले.

नाना मात्र त्यानंतर बदलले. त्यांना बाजू घ्यायची चटक लागली. नळावर, बाजारात, छापखान्यात कुठंही दोघांचं जुंपलं की नाना मधे, आणि आल्याबरोबर निकाल देऊन मोकळे. बहुतेक वेळा चुकीचा. मालकांनी तर दारावर ‘कामाशिवाय आत येऊ नये’ अशी पाटी लावली. ती मीच छापली, नानांना दाखवून. त्यातली एक वेलांटी त्यांनी दुरुस्त केली.

साठ सालाच्या आसपास मला जळगावला दुसऱ्या छापखान्यात नोकरी लागली. तिथे गेल्यावर नानांना मी एकदाच पाहिलं. एसटी स्टँडबाहेर उन्हात एक टांगा उभा होता. नाना आणि अक्का धुळ्याहून उतरलेले, आबा त्यांना घ्यायला आलेले. ट्रंक पुढे ठेवायची की मागे, यावरून दोघा भावांची जुंपली होती. नाना आबांच्या कानात ओरडत होते, आबा काही ऐकू न येता उत्तरं देत होते, आणि भोवती पाचसहा माणसं जमली होती. मी रस्ता ओलांडून जाणार एवढ्यात अक्का टांग्यात चढून बसल्या, टांगेवाल्याला काहीतरी म्हणाल्या आणि टांगा निघाला.

दोघांच्या लक्षात आलं तेव्हा तो पार वळणापाशी गेला होता. ट्रंक खालीच होती. नानांनी एक कडी धरली, आबांनी दुसरी, आणि दोघं मेहरूणच्या रस्त्याला लागले. आबांच्या गुडघ्यांमुळे दर दहा पावलांवर थांबायला लागत होतं. थांबले की नाना वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी मुद्दा मांडत. आबा मान हलवून नाही म्हणत. मग पुन्हा ट्रंक उचलायची.